धाकट्याचं वरकस

आजोबांच्या हिशेबी कर्जत तालुक्यात जमिनीच्या दोनच जाती: भाताची खाचरं आणि वरकस. वरकस म्हणजे डोंगरउताराचं मुरमाड रान. नागली-वरी पेरा, राबाला टहाळ तोडा, नाहीतर गुरं सोडा. सोयरिकीला आलेला पाहुणा खाचरं विचारी. वरकस कुणी धरतच नसे.

म्हणून शेजारच्या म्हाताऱ्याने मृत्युपत्रात नदीकाठची खाचरं थोरल्याला आणि वरकस धाकट्याला लिहिलं, तेव्हा धाकटा बापाशी बोलेनासा झाला. जमीन मूळची कुळाची. 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक ठरला आणि जुन्या मालकाला जमिनीची किंमत हप्त्याहप्त्याने फेडून म्हाताऱ्याने ती नावावर केली. लेकीला काही नाही. "तिचं लगीन केलंय ना!" एवढाच खुलासा.

पुढे मुंबईचे लोक फार्महाऊससाठी फिरू लागले. 2002 साली खालापुरातून जाणारा द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि एजंटांच्या गाड्या थेट डोंगराच्या पायथ्याशी लागू लागल्या. त्यांना उंचावरची, पाणी न तुंबणारी, देखाव्याची जागा हवी. म्हणजे वरकस! आणि बापाचं शहाणपण गावाला सांगत फिरणारा थोरला आता म्हणू लागला, अंगठा लावला तेव्हा म्हातारा भानावर नव्हता.

आपल्याकडे रजिस्टर झालेला कागद म्हणजे ब्रह्मवाक्य. कायदा तसं मानत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यात मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. खरी मदार 1925 च्या वारसा कायद्यातल्या दोन साक्षीदारांवर. त्यातला एक तरी हयात असेल तर त्याला कोर्टात उभं करावंच लागतं. ज्याचा फायदा त्यानेच धावपळ केली असेल, तर संशय फेडायची जबाबदारीही त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच सांगून ठेवलंय. तलाठ्याने फेरफार धरला, सातबाऱ्यावर नाव चढलं, म्हणून मालकी सिद्ध होत नाही. मोठ्या घरांनाही हे चुकत नाही. बाळासाहेब ठाकरे यांच्या 13 डिसेंबर 2011 च्या मृत्युपत्रावरून जयदेव आणि उद्धव हे भाऊ मुंबई उच्च न्यायालयात होते. जयदेव यांनी 2018 मध्ये विरोध मागे घेतला.

थोरल्याने लावलेल्या आमच्या गावच्या दाव्यात एक साक्षीदार वारलेला. उरलेले आजोबा.

वकिलाने विचारलं, "अंगठा लावताना तुम्ही पाहिलात?" आजोबा खरं बोलले: तंबाखू थुंकायला ओटीवर गेलो होतो. थोरल्याचा चेहरा खुलला. "मग?" "मग आत आलो. म्हाताऱ्यानं शाईचा अंगठा नाकासमोर धरला न् म्हणाला, लावला बघ रे, आता तू सही कर." कायद्याला एवढंही चालतं, करणाऱ्याने स्वतः साक्षीदाराला सांगितलं तरी पुरे. आजोबांना हे कुठलं ठाऊक! नंतर मात्र ही गोष्ट ते कायदा कोळून प्यायल्याच्या थाटात सांगत.

निकाल धाकट्याच्या बाजूने गेला. थोरला अपिलाला अलिबागला निघाला होता. पण मृत्युपत्र पडलं तर आपल्या खाचरातही वाटेकरी शिरतील, हा हिशेब वकिलाने त्याला मांडून दाखवला, तेव्हा गप्प बसला.

लेक मात्र गप्प बसली नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्ट 2020 मध्ये आला, तेव्हा तिने भावांना नोटीस धाडली. ही जमीन वडिलोपार्जित की बापाची स्वकष्टाची, इथेच आता घोडं अडलंय. तिने हिस्सा मागितलाय तो वरकसात; खाचरांचं नावसुद्धा काढलेलं नाही.