आधी सामना होता, मग स्पर्धा आली

मंडळी, यंदा जयंतीच्या कार्यक्रमाच्या एका बैठकीला बातमीसाठी म्हणून गेलो आणि भांडण ऐकून आलो. तरुण पोरांचं म्हणणं, टीव्हीवर गाजलेला गायक आणायचा, पोस्टरवर नावापुढं 'फेम' असं पाहिजेच. वयस्कर लोकांचं म्हणणं, शेजारच्या गावची गायन पार्टी तीस वर्षांपासून येती, तिला नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं? शेवटी तोडगा निघाला. आठ ते दहा 'फेम'वाला आणि सहा ते आठ गायन पार्टी. म्हणजे खुर्च्या लावायच्या टायमाला! मानधनाचे आकडे लिहीत नाही, पण फरक एका शून्याचा होता.

घरी आल्यावर डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. गाण्याची स्पर्धा काही टीव्हीनं आणलेली नाही. आपल्याकडं ती पिढ्यान् पिढ्या होती. शाहिरांत कलगीवाले आणि तुरेवाले होते. एकानं गाण्यातून कोडं टाकायचं, दुसऱ्यानं गाण्यातूनच सोडवायचं. पुढं कव्वालीचे मुकाबले आले, भीमगीतांचे सामने आले. मी स्वतः लहानपणी पोत्यावर बसून असे सामने ऐकलेत. दोन पार्ट्या समोरासमोर, मध्ये गॅसबत्ती, आणि पहाटेपर्यंत सवाल-जवाब. तिथं जिंकायचा कोण? ज्याच्याकडं नवं गाणं असायचं तो. समोरच्यानं टाकलेल्या सवालाला पाठ केलेलं गाणं चालतच नव्हतं. जागेवर रचावं लागायचं, नाहीतर लोक हुर्यो करायचे. आवाज फाटका असला तरी माफ, पण जवाब शिळा असला की संपलं.

वामनदादा कर्डक हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. १९२२चा जन्म. गावोगाव फिरून स्वतः लिहायचे, स्वतः गायचे. प्रल्हाद शिंदेंचा आवाज रेकॉर्डवर आला, मग कॅसेटवर आला आणि रसवंतीपासून एसटी स्टँडपर्यंत पोहोचला. दोघंही २००४ साली गेले, एक मे महिन्यात, दुसरे जूनमध्ये. आणि त्याच वर्षाच्या शेवटी टीव्हीवर 'इंडियन आयडॉल' सुरू झालं. योगायोगच म्हणायचा, पण मला तो विसरता येत नाही.

तसं बाहेरच्या जगात गायनस्पर्धा आधीही होत्या. महेंद्र कपूर मेट्रो-मर्फी स्पर्धेतून पुढं आले. सुरेश वाडकरांनी १९७६ला सूरसिंगार स्पर्धा जिंकली आणि जयदेवांनी त्यांना 'गमन'मध्ये गायला दिलं. म्हणजे परीक्षक हाच संगीतकार, आणि बक्षीस म्हणजे नवं गाणं. टीव्हीवर १९९५ला 'सा रे ग म' आलं, सोनू निगम निवेदक. दूरदर्शनच्या 'मेरी आवाज सुनो'मधून सुनिधी चौहान निघाली. श्रेया घोषालला भन्साळींनी अशाच कार्यक्रमामुळं हेरलं आणि २००२ला 'देवदास' आला. तिथपर्यंत गाडी रुळावर होती असं माझं मत.

मग आला एसएमएस. आता निकाल संगीतकाराच्या हातून निघून पब्लिकच्या मोबाइलमध्ये गेला. २००५ला मुंबईचा अभिजीत सावंत पहिला आयडॉल झाला तेव्हा आपल्याकडं फोनच कमी होते. पण २००८-०९चं झी मराठीचं 'लिटल चॅम्प्स' आठवतंय ना? लातूरचा रोहित राऊत शेवटच्या पाचात. मी तेव्हा नवा वार्ताहर. लोडशेडिंगमुळं अर्धा भाग अंधारात जायचा, तर लोक इन्व्हर्टरवाल्याच्या घरी गर्दी करायचे. लातूर आपला जिल्हा नाही, तरी 'मराठवाड्याचं पोरगं' म्हणून आमच्या इथून रिचार्ज मारून मारून मेसेज गेले. मीपण पाठवले, खोटं कशाला बोलू. फेब्रुवारी २००९ला जिंकली आळंदीची कार्तिकी गायकवाड.

त्या पर्वानं काही चांगलंही केलं, ते नाकारून चालणार नाही. कार्तिकीमुळं गवळण ड्रॉइंगरूममध्ये गेली. आमच्याकडच्या पोरी तबल्याच्या क्लासला जायला लागल्या, आधी कुणी पाठवत नव्हतं. हिंगणघाटची वैशाली माडे आधी मराठी आणि मग २००९ला हिंदी 'सा रे ग म प' जिंकून पुढं 'बाजीराव मस्तानी'त गायली. छोट्या गावाच्या लेकराला मुंबईचं दार दिसलं, ही लहान गोष्ट नाही.

पण स्पर्धेत गायलं काय जातं ते बघा. लोकांना माहीत असलेलंच गाणं. कारण मत द्यायचं तर गाणं ओळखीचं पाहिजे. दीड-दोन मिनिटांत संपवायचं, शेवटी एक उंच सूर लावायचा, मग परीक्षक उभे राहतात. गायक दरवर्षी नवे, गाणी तीच. गाणं कुणी लिहिलं ते तर बहुतेक वेळा नुसतं पळत्या अक्षरात. सामन्यात शिळं गाणं हरायचं, इथं नवं गाणं हरतं. सगळा फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

नवी गाणी थांबली नाहीत, पण ती या स्टेजवरून आली नाहीत. २०१६ला 'सैराट'नं वरातीच वरात हलवल्या, ते गाणं अजय-अतुल यांनी स्वतःच गायलं. बाकीचं यूट्यूबवरून येतं आणि डीजेवर वाजतं. पुढं २०२१ला तेच अजय-अतुल मराठी 'इंडियन आयडॉल'चे परीक्षक झाले, म्हणजे नवी गाणी करणारी माणसं जुनी गाणी तपासत बसली.

सगळं खापर टीव्हीवर फोडणंही बरोबर नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, दहाला स्पीकर बंद. नियम योग्यच आहे, पण रात्रभराचा सामना दोन तासांत कसा मावणार?

त्या सहा ते आठवाल्या पार्टीच्या मामांकडं मी नंतर गेलो. वय सत्तरीच्या पुढं. त्यांचा नातू मागं एका वाहिनीच्या ऑडिशनला गेला होता. त्यानं आजोबाचं गाणं धरलं. पहिलं कडवं संपायच्या आत समोरून आवाज आला, हे नको, कुठलं तरी माहितीतलं म्हण. पोरानं सिनेमाचं म्हणलं आणि बाहेर आलं. मी विचारलं, "मामा, वाईट वाटलं का?" तर म्हणले, "सायेब, त्यायला कामून दोष द्यावा? आपलं गाणं त्यायनं ऐकलंच नव्हतं की."

मग त्यांनी ट्रंकेतून वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कडा उंदरानं खाल्लेल्या. एकेचाळीस गाणी. एक ७२च्या दुष्काळाचं, खडी फोडणाऱ्या बायांचं आणि सुकडीच्या रांगेचं. एक १९७८चं. नामांतराच्या दंगलीत आपल्या भागातल्या ज्या गावांत घरं जळाली, त्या गावांची नावं त्यात एकापाठोपाठ ओवलेली. पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना मी ती यादी कुठल्या पुस्तकात शोधत होतो! नातू आता एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. त्याला यातल्या चार-पाचच चाली येतात. बाकीच्या फक्त मामांच्या गळ्यात आहेत, आणि मामांना थंडीत दम लागतो.

पानांचे फोटो मी मोबाइलवर काढून आणलेत. चालींसाठी येत्या रविवारी सकाळी मामांच्या घरीच रेकॉर्डिंगला बसायचं ठरवलंय. त्यांच्या पेटीचा भाता फाटलाय. नायगाव-नरसी भागात कुणाकडं बरी पेटी असेल तर एका दिवसासाठी द्या, मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि आणून देईन. इनबॉक्समध्ये कळवा.