तुरुंग आणि गाव यांच्यामधले घर

तुरुंगाचे दार उघडले म्हणजे माणूस सुटला, असे आपण धरून चालतो. कामगार चळवळीत तीस वर्षे काढल्यावर आम्हांला तसे वाटत नाही. तीन वेळा शिक्षा भोगलेला एक यंत्रमाग कामगार आमच्या युनियनच्या कचेरीत आला. हात कामाला बसलेला. पण जाईल तेथे चारित्र्याचा दाखला मागत. दाखला द्यायचा पोलिसांनी, आणि गावात चोरी झाली की पोलीस प्रथम त्यालाच उचलणार! तो चौथ्यांदा आत गेला, तेव्हा आम्हांला नवल वाटले नाही.

अशा माणसाला मध्येच कोठे टेकायला जागा असावी, हा विचार आपल्याकडे दोन वाटांनी आला. पहिली वाट वाईट. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली मुंबई इलाख्यालाही लागू करण्यात आला आणि सोलापुरास सेटलमेंट उभी राहिली. भोवती तारेचे कुंपण, ठरलेली हजेरी, बाहेर पडायला पास. कैकाडी, टकारी, पारधी यांची कुटुंबेच्या कुटुंबे त्यात घातली. त्यांतल्या पुष्कळांचा गुन्हा एकच, जन्म! त्यांच्यापैकी अनेक जण गिरण्यांत राबत. सरकार याला सुधारणा म्हणे. पण पासावाचून ज्याला हलता येत नाही, तो मजूर मालकाशी मजुरीचा भाव काय करणार? ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. १९५९ मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. आता जन्म नव्हे, शिक्षा मोजायच्या होत्या. पोलिसांची नजर मात्र जुन्याच वस्त्यांवर राहिली.

दुसरी वाट औंध संस्थानची. १९३९ साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. आटपाडीचा मुलूख दुष्काळी. तेथे कैद्यांना जमीन दिली, बायकामुलांसह राहू दिले, आणि भिंत घातली नाही. व्ही. शांतारामांचा १९५७ चा 'दो आंखें बारह हाथ' त्यावरूनच सुचला. चित्रपटात जेलर मोठा दिसतो. आमच्या डोळ्यांत भरते ती चूल. संध्याकाळी घरी कोणी वाट पाहणारे असले, तर माणूस पळून कोठे जाईल?

परंतु एक गोष्ट आम्हांला खटकते. महाराष्ट्राच्या खुल्या तुरुंगांसाठी १९७१ साली जे नियम झाले, त्यांनी सराईत कैद्यांना बाहेरच ठेवले. म्हणजे ज्याला परतीची वाट सर्वांत कठीण, त्यालाच मधली पायरी नाही! धोका असतो हे आम्ही जाणतो. आमच्याही कचेरीतली घड्याळे गेली आहेत.

तो यंत्रमाग कामगार चौथ्यांदा सुटून आला, तेव्हा त्याने नोकरीचे नाव काढले नाही. आजची रात्र कोठे निजू, एवढेच विचारले. आम्ही कचेरीची किल्ली त्याच्या हाती दिली. सहकाऱ्यांनी बरीच कुरकुर केली. साडेतीन महिने तो तेथे सतरंजीवर निजत होता आणि सकाळी आमच्या आधी झाडून घेत होता.