स्पर्शपडदा अचानक का विझतो?

शहापूर / मुरबाड : जून उजाडला की तालुक्याच्या कचेऱ्यांतील गर्दी वाढू लागते. प्रवेशासाठी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, पीककर्जासाठी सातबारा व आठ-अ, अशी कागदांची निकड एकाच वेळी उभी राहते. डोळखांब, किन्हवली, टोकावडे किंवा धसई परिसरातून एसटीने आलेल्या माणसाचा त्या दिवसाचा रोज आधीच बुडालेला असतो. त्याच्या समोरच स्पर्शपडद्याचे यंत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेला 'किऑस्क', मध्येच काळे पडले तर परतीची गाडी गाठण्यावाचून त्याच्या हाती काही उरत नाही. 'मशीन बंद आहे' एवढ्या पाटीने त्याचे समाधान होत नाही. आणि ज्याच्यावर देखभालीची जबाबदारी असते, त्यालाही पुष्कळदा याहून अधिक काही ठाऊक नसते.

ही यंत्रे आपल्याकडे एका दिवसात आलेली नाहीत. भूमिअभिलेख संगणकावर आणण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. शेजारच्या कर्नाटकात 'भूमी' प्रकल्पाने तालुक्याच्या ठिकाणी १५ रुपयांत उतारा देण्यास सुरुवात केली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २००७ मध्ये स्मार्ट कार्डवर चालणारी स्पर्शपडद्याची तिकीट यंत्रे बसली. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. खिडकीवरचा कारकून आजारी पडला तर दुसरा बसविता येतो; यंत्राच्या बाबतीत मात्र आधी आजार ओळखावा लागतो.

पहिला प्रश्न अगदी साधा असतो. यंत्र बंद पडले की केवळ पडदा विझला? आतील पंख्याचा आवाज येत असेल, छोटा दिवा पेटलेला असेल, तर संगणक जिवंत आहे आणि दोष पडद्याच्या वायरीत किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात शोधावा. सारेच निपचित असेल तर वाट वीजजोडणीकडे जाते. आणि यंत्र आपणहून पुन्हा सुरू होत असेल, तर ती तिसरीच गोष्ट आहे.

ग्रामीण भागात पहिला संशय विजेवर घ्यावा, आणि बहुधा तो खरा ठरतो. संगणकातील वीजपुरवठ्याचा डबा बाहेरची वीज गेल्यावर साधारण १६ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे एका आवर्तनापुरता दाब कोसळला तरी यंत्र उलटे पडू शकते. खोलीतील दिवा त्या वेळी जेमतेम लुकलुकतो. जवळची भातगिरणी किंवा वेल्डिंगचे यंत्र सुरू होण्याची वेळ आणि किऑस्क बंद पडण्याची वेळ जुळते का, एवढे पाहिले तरी अनेक कोडी सुटतात.

'पण यूपीएस आहे की', असे उत्तर येते. यूपीएस असणे आणि त्याची बॅटरी शाबूत असणे यांत फरक आहे. बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि त्यापुढे प्रत्येक १० अंशांना ते जवळपास निम्मे होते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या या तालुक्यांत पत्र्याच्या कपाटात कोंडलेली बॅटरी किती टिकणार? पावसाळ्यापूर्वी भिंतीवरचे बटण बंद करून यंत्र किती मिनिटे चालते ते घड्याळ लावून मोजणे, ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे.

अर्थिंगची कथा याहून दुर्लक्षित आहे. कातळाच्या जमिनीतील अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा पडतो आणि जमिनीशी होणारा संपर्क क्षीण होतो. अशा स्थितीत हाताच्या विद्युतभारावर चालणाऱ्या कपॅसिटिव्ह पडद्यावर कोणी बोट न लावताच स्पर्श उमटू लागतात. हे 'भुताचे स्पर्श' फिरत फिरत कोपऱ्यात लपविलेल्या देखभालीच्या बटणावर पडले, तर यंत्र रीतसर बंद होते! मग कोणीतरी खोडसाळपणा केला, असा आळ निष्पाप गर्दीवर येतो. खड्ड्यात पाणी ओतणे हा उपाय हास्यास्पद वाटला तरी शास्त्रशुद्ध आहे. इन्फ्रारेड किरणांच्या पडद्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या कडेला कोळ्याचे जाळे किंवा धुळीचा थर बसला, तरी यंत्राला ते बोटच वाटते.

उष्णतेने होणारा बिघाड वेळेवरून ओळखता येतो. सकाळी सुरळीत आणि दुपारी दोननंतर बंद, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू, असा क्रम असेल तर पंख्याची जाळी उघडून पाहावी. रस्त्याच्या धुळीने ती बुजलेली असते. पावसाळ्यात उलट प्रकार. माळशेज घाटालगतच्या पट्ट्यातील दमट हवेत जोडणीच्या पिना गंजतात आणि ऊब शोधत मुंग्या, पाली आत शिरतात. जुन्या मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर हेही एक ठरलेले कारण. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात बनलेल्या असंख्य संगणकांत सदोष कपॅसिटर बसले होते.

वीज, ऊन आणि ओल निर्दोष ठरल्यावरच आज्ञावलीकडे वळावे. विंडोज स्वतःची रोजनिशी ठेवते. तीत १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर यंत्र कोणाच्या तरी आज्ञेने, माणसाच्या वा प्रोग्रामच्या, बंद झाले. ६००८ म्हणजे आधीचे बंद होणे अनपेक्षित होते. ४१ क्रमांक पाहून अनेक जण घाबरतात. परंतु यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले एवढेच तो सांगतो, कारण सांगत नाही. निळा पडदा दिसण्याआधीच यंत्र पुन्हा सुरू होत असेल, तर 'ऑटोमॅटिक रिस्टार्ट' बंद करावे म्हणजे चुकीचा संकेतांक वाचता येतो.

अनेक दिवस अखंड चालणाऱ्या यंत्रात एखादा प्रोग्राम घेतलेली स्मृती परत न करता वाढवत नेतो आणि शेवटी सारे गोठते. जुन्या विंडोज ९५ आणि ९८ मध्ये तर मिलिसेकंद मोजणारा आकडा ४९.७ दिवसांनी भरत असे आणि यंत्र थिजत असे. रोज रात्री ठरलेल्या वेळी यंत्र पुन्हा सुरू करण्याची प्रथा अशाच अनुभवांतून आली. दोष नेहमी स्थानिकच असतो असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा प्रणालीच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली आणि भारतीय विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

यंत्राशेजारी एक साधी वही ठेवली तर तंत्रज्ञाचा निम्मा वेळ वाचतो. तारीख, घड्याळातील वेळ, त्या क्षणी दिवे लुकलुकले का, पाऊस होता का, नागरिक कोणत्या पानावर होता, एवढेच लिहायचे. दहा-बारा नोंदी झाल्या की क्रम आपोआप दिसू लागतो. एका वेळी एकच वस्तू बदलावी. बॅटरी, पंखा आणि केबल एकदम बदलली तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

नागरिकाच्या दृष्टीने कळीचा क्षण पैसे भरल्यानंतरचा. रक्कम खात्यातून गेली आणि कागद निघण्याआधी पडदा विझला, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. व्यवहार क्रमांक किंवा बँकेचा संदेश जपून ठेवावा, वेळ लिहून घ्यावी आणि खिडकीवर लेखी अर्ज देऊन त्याची पोच मागावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते आणि ती टळल्यास अपील करता येते. त्या वेळी ही पोचच पुरावा म्हणून दाखवावी लागते.