चार विसा आणि एक मुसा

बारामतीत राहून परकी भाषा शिकायचीच असेल, तर शहाण्याने इटालियन शिकावी. आमच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे, फेरेरोचा आहे, आणि दोन्ही कंपन्या मूळच्या इटलीच्या. एखादा साहेब कऱ्हेच्या पुलावर भेटलाच, तर निदान "कसं काय" तरी विचारता येईल. पण आमच्या मुलीने नवरा निवडला तो फ्रान्सचा. लग्न ठरवताना मुली बापाच्या सोयीचा विचार करीत नाहीत, हे माझे जुनेच मत आहे.

तेव्हा वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी पुण्याला गेलो आणि अप्पा बळवंत चौकात नवशिक्यांसाठी असलेले फ्रेंचचे पुस्तक मागितले. दुकानदाराने विचारले, "मुलगा कितवीत आहे?" मी म्हटले, "पहिलीत."

पहिल्याच पानावर एक गृहस्थ भेटले. लिहिताना भलीमोठी अक्षरे, पण उच्चार नुसता 'मस्य'. अर्थ, श्रीयुत. आणि मी पुस्तक मिटून कपाळाला हात लावला. बत्तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. निजामाच्या पदरी असलेल्या फ्रेंच सरदाराला आपल्या जुन्या कागदांत 'मुसा बुसी' म्हणतात, आणि 'मुसा' हे त्याचे पाळण्यातले नाव, असे मी इतकी वर्षे खुशाल समजत होतो. वर्गात एका पोराने "सर, मुसा म्हणजे मुसलमान का?" असे विचारले होते. मी त्याला बाकावर उभे केले होते. वास्तविक त्याच्या शेजारी मीच उभे राहायला हवे होते.

मग संशयाने घरच पोखरले. बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी १७६१ साली पानिपतावर आपल्या बाजूने लढला. १७७३ साली गारद्यांनीच शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारले. हा 'गारदी' आला फ्रेंच 'गार्द'वरून, म्हणजे पहारेकऱ्यावरून. 'पलटण' (आमच्या शेजारची फलटण नव्हे) ही मूळची 'पलोतों', इंग्रजांच्या तोंडून आपल्याकडे आलेली. काडतूस आणि त्यांचे 'कार्तूश' हेही एकाच घराण्यातले. १७७७ साली सँ ल्युबँ नावाचा एक मुसा फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्यात उतरला. गृहस्थ बराचसा थापाड्याच, पण नाना फडणिसांनी त्याची बडदास्त अशी ठेवली की इंग्रजांच्या पोटात गोळा आला. नानांना फ्रेंच येत नव्हते, तरी काही अडले नाही. माझे अडत होते.

कारण माझा प्रतिपक्ष इंग्रज नव्हता, आठ वर्षांची नात होती. दर रविवारी ती लिओंहून फोनच्या पडद्यावर येते आणि माझी उजळणी घेते. त्यांच्यात एक 'उ' आहे. तोंडाने 'ई' म्हणायचे आणि ओठ मात्र 'ऊ'चे ठेवायचे. मी चंबू करतो, ती "नों, आबा" म्हणते, मी पुन्हा चंबू करतो. आमच्याच गावात बसून मोरोपंतांनी ओठाला ओठ लागू न देता आख्खे निरोष्ठ रामायण रचले. त्याच गावातल्या माणसावर ही पाळी!

शब्दांनी मात्र फारसा त्रास दिला नाही. अननसाला ते 'आनाना' म्हणतात, साबणाला 'सावों'. बटाटा म्हणजे 'पॉम द तेर', जमिनीतले सफरचंद. यावर मी हसणार होतो, तेवढ्यात भुईमूग आठवला. आकड्यांना तर शिकलेले लोकही घाबरतात, कारण फ्रेंचांत ऐंशी नाही की नव्वद नाही. ऐंशी म्हणजे 'कात्र-व्हँ', चार वेळा वीस. नव्वद म्हणजे चार विसा आणि दहा. माझ्या सासूबाई इंदापूरच्या. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, पण मळ्यातली डाळिंबे मोजताना त्या "चार विसा न् धा" असेच म्हणायच्या. मी मास्तर, म्हणून त्यांना नव्वद शिकवायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या नव्वदानं डाळिंबं वाढत्यात व्हय?"

खरी परीक्षा काळांची. येणे, जाणे, जन्मणे, मरणे यांचा भूतकाळ फ्रेंच 'असणे' लावून करतात. 'एल ए पार्ती', ती गेली आहे. थेट मराठी! गेला-गेली हा फरकसुद्धा आहे, फक्त तो कागदाला कळतो, कानाला नाही. हा धडा मला दोन दिवसांत आला.

एका रविवारी नातीने विचारले, "आबा, आजी कशी होती?"

हिला जाऊन चार वर्षे झाली. नात तेव्हा चारच वर्षांची. मुलगी एरवी उत्तम दुभाषी आहे, पण आईचा विषय निघाला की तिचे भाषांतर मधेच थांबते. बोलायचे मलाच होते, आणि तोपर्यंत शिकलेल्या फ्रेंचमध्ये मला एवढेच सांगता येत होते, की ती जन्मली, आली आणि गेली.

पुढचा धडा मी त्या आठवड्यात एकट्याने काढला. त्या काळाला फ्रेंच व्याकरण 'अपूर्ण' म्हणते. आपल्या जुन्या व्याकरणात तो रीति भूतकाळ, ती गाई, ती हसे, ती जात असे. हल्ली आपण तो पुस्तकातच ठेवला आहे, फ्रेंच लोक तो रोज वापरतात. वहीत मी दहा वाक्ये लिहिली आणि एसटीने इंदापूरला मेव्हण्याकडे जाताना काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी अशी सगळी वाट ती घोकत गेलो. शेजारच्या बाईंनी मधेच पदर सावरून जागा बदलली.

रविवारी वही समोर ठेवून बसलो. एल शांते, ती गात असे. एल रिये, ती हसत असे. ती माहेराहून आली की मला डाळिंबे देत असे, एल म दॉने दे ग्रनाद. नात गंभीरपणे ऐकत होती. एवढ्यात मागून स्वयंपाकघरातून जावयाचा घाबरा आवाज आला. ग्रनाद म्हणजे डाळिंब, आणि ग्रनाद म्हणजे हातबाँबही.

नात खो खो हसत सुटली. मुलगीही हसली, डोळे पुसत. मग नातीने विचारले, "कोंबियां, आबा?" किती?

मी म्हटले, "कात्र-व्हँ-दिस."

"चार विसा न् धा," पडद्याबाहेरून मुलगी म्हणाली.