हिशोबातला फरक कुणाच्या माथी?

पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या ज्युनिअर्सना मी एक प्रश्न हमखास विचारते. समजा, संगणक म्हणतो गल्ल्यात एक लाख रुपये हवेत आणि मोजले तर ऐंशी हजारच भरले. वीस हजार कुठे गेले? बहुतेकांचं उत्तर तयार असतं : कुणीतरी घेतले. फार थोडे विचारतात, की मुळात एक लाख हवेत हे कुणी ठरवलं?

हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही म्हणून ब्रिटनमध्ये ९००हून अधिक लोक गुन्हेगार ठरले. आजचा लेख त्या इतिहासावर आहे, आणि त्याच्या उजेडात आपल्या जालन्याहून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यावरही.

होरायझन : यंत्र आलं आणि तूट दिसू लागली

ब्रिटनमध्ये गावोगावची बरीच पोस्ट ऑफिसं 'सबपोस्टमास्टर' चालवतात. हे लोक पगारी नोकर नसतात. आपल्या दुकानातच काउंटर टाकून ते करारावर पोस्टाचं काम करतात. १९९९ पासून या काउंटरांवर 'होरायझन' ही संगणकीय हिशोबप्रणाली बसवली गेली. ती फुजित्सू कंपनीची. त्यानंतर अनेक ठिकाणी तूट दिसू लागली. करारानुसार तूट सबपोस्टमास्टरनेच भरून द्यायची, असा पोस्ट ऑफिसचा पवित्रा होता.

यंत्र तूट 'तयार' कशी करतं? एक उदाहरण बघा. २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डालमेलिंग्टन शाखेशी संबंधित एक दोष उघड झाला. ८,००० पौंडांची रोकड जमा करताना स्क्रीन पुढे सरकेना, म्हणून पुन्हा पुन्हा एंटर दाबलं गेलं आणि एकच जमा चार वेळा नोंदली गेली. संगणकात ३२,००० पौंड, हातात ८,०००. म्हणजे २४,००० पौंडांची तूट, तीही एक नोट जागची न हलता!

आता सापळा लक्षात घ्या. हिशोब जुळला असं दाखवल्याशिवाय पुढचा व्यवहार-काळ सुरू करता येत नसे. मग माणसाकडे दोनच वाटा उरायच्या. पदरचे पैसे भरायचे, नाहीतर जुळत नसलेला हिशोब जुळला म्हणून पुढे पाठवायचा. दुसरी वाट धरली की खोटा हिशोब लिहिल्याचा गुन्हा तयार. जो हॅमिल्टन यांनी मदतीसाठी फोन केला, तर सांगितल्याप्रमाणे बटणं दाबताना त्यांच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. शेवटी चोरीचा आरोप टळावा म्हणून त्यांनी खोट्या हिशोबाचा गुन्हा कबूल केला.

मूळच्या भारतीय असलेल्या सीमा मिश्रा यांना ११ नोव्हेंबर २०१० रोजी १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. त्यांच्या वकिलांनी होरायझनच्या नोंदी मागितल्या होत्या. खटल्याच्या सुमारास प्रणालीतला एक दोष फुजित्सूला आणि पोस्ट ऑफिसलाही माहीत झाला होता. बचाव पक्षाला तो सांगितलाच गेला नाही.

'हे फक्त तुमच्याच बाबतीत होतंय'

तक्रार करणाऱ्या अनेकांना एकच वाक्य ऐकवलं गेलं : असा त्रास दुसऱ्या कुणालाच नाही. संशोधनाच्या भाषेत याला काय म्हणायचं? प्रत्येक निरीक्षण सुटं ठेवायचं आणि सुटं आहे म्हणूनच अपवाद ठरवायचं.

मी किल्लारीची आहे. माझा जन्म १९९३ च्या भूकंपानंतरचा, पण आमच्याकडे ३० सप्टेंबरच्या पहाटेची गोष्ट प्रत्येक घरात आहे. तेव्हाच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आणि १९९२ मध्येच परिसरात धक्के जाणवले होते. मोठा भूकंप येणार हे त्यावरून सांगता आलं असतं असं नाही. पण नकाशा हेही एक अनुमानच असतं, त्याला प्रश्न विचारायची सुरुवात अशा छोट्या निरीक्षणांपासून होते. नकाशा बदलला, पण तो भूकंपानंतर.

ब्रिटनमध्येही सुट्या तक्रारी एकत्र यायला दहा वर्षं लागली. 'कॉम्प्युटर वीकली'ने २००९ मध्ये सात सबपोस्टमास्टरांच्या कहाण्या एकत्र छापल्या. अॅलन बेट्स यांनी लोकांना संघटित केलं. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने होरायझनमध्ये दोष होते हे मान्य केलं. २३ एप्रिल २०२१ रोजी सीमा मिश्रा आणि जो हॅमिल्टन यांच्यासह ३९ जणांच्या शिक्षा रद्द झाल्या आणि २०२४ मध्ये संसदेने कायदाच करून उरलेल्या शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द केल्या. जुलै २०२५ च्या चौकशी अहवालाने किमान १३ आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असावा असं नोंदवलं आहे.

२००० साल : दोन देश, दोन दिशा

हे न्यायालयात टिकलं कसं? इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्यातलं कलम ६९ सांगायचं, की संगणकाची नोंद पुरावा म्हणून द्यायची असेल तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा. विधी आयोगाच्या शिफारशीनुसार ही अट काढून टाकली गेली. बदल २००० मध्ये लागू झाला, नेमका होरायझन सगळीकडे पसरत असताना. तिथून पुढे 'संगणक बरोबरच चालतो' हे गृहीतक झालं. चुकतो हे दाखवायचं ओझं आरोपीवर आलं आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रं मात्र समोरच्याकडे राहिली.

त्याच वर्षी भारतात उलटं घडलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा कायद्यात कलम ६५ब घातलं. संगणक नीट चालत होता, आणि बिघडला असेल तर त्याने नोंदीवर परिणाम झाला नाही, असं सांगणारं प्रमाणपत्र आलं.

या प्रमाणपत्रावरचा महत्त्वाचा निकाल आपल्या मराठवाड्यातल्या वादातून आला : अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर भरला का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरण न आणता त्यातल्या नोंदीची प्रत देणार असाल तर प्रमाणपत्र हवंच. पण ज्याने ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं आणि समोरच्याने दिलंच नाही, त्याला अडवता येणार नाही. ज्याच्या हाती यंत्र नाही त्याची अडचण न्यायालयाने ओळखली, म्हणून मला हा निकाल मोलाचा वाटतो.

मग आपण सुरक्षित आहोत का? घाई नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, शिवाय हॅश मूल्य. पण हॅश काय सिद्ध करतं? फाइल नंतर बदलली नाही, एवढंच. नोंद झाली तेव्हाच ती चुकीची होती का, हे हॅशला कळत नाही. डालमेलिंग्टनच्या त्या ३२,००० पौंडांचाही हॅश अगदी बरोबर आला असता.

दुसरं म्हणजे आपल्याकडचे फौजदारी निकाल. जयकृष्णदास मनोहरदास देसाई विरुद्ध मुंबई राज्य (१९६०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सोपवलेल्या मालाचा हिशोब देता आला नाही, किंवा दिलेला खुलासा खोटा ठरला, तर अपहाराचा निष्कर्ष काढता येतो. तो खटला रंगवायला दिलेल्या कापडाचा होता. कापड किती दिलं हे निश्चित होतं. पण 'किती सोपवलं' हा आकडाच सॉफ्टवेअरने दिलेला असेल तर?

दर्पण प्रकल्पामुळे २०१७ नंतर आपल्या ग्रामीण डाक सेवकाच्या हातातही यंत्र आलं आहे. त्यात दोष आहे असं मी म्हणत नाही. पण खेड्यातल्या शाखेत एकटा बसणारा माणूस तूट दिसल्यावर कुणाला विचारणार, हे आधी ठरलेलं असायला हवं.

आता तुमच्या कामाचं. कोणताही डेटा हाती आला की तीन गोष्टी विचारा. हा आकडा मोजलेला आहे की यंत्राने काढलेला? चुकांची नोंदवही कुणाकडे आहे आणि ती मला बघता येईल का? असाच फरक आणखी कुणाला दिसलाय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही, फक्त तुम्हालाच' असं आलं, तर नोंदवही मागायला अजिबात लाजू नका.