तेलाचा थेंब आणि खानदेशचें इंजिन

तापीकांठच्या खानदेशाचा इतिहास कापसाशीं बांधलेला आहे. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळांत जळगांव ही कापसाची मोठी पेठ झाली. पुढें जळगांव-धुळ्याचे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाफेवर चालूं लागले. वाफेस बॉयलर, पाणी व जळण यांचा मोठा परिवार लागे. विसाव्या शतकांत तेलाचें इंजिन आलें आणि विहिरीवरची शक्ति एका माणसाच्या देखरेखीखालीं आली. 1946 मध्यें पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली.

या इंजिनाचें मर्म ठिणगींत नाहीं, मिश्रणांत आहे. रूडॉल्फ डीझेल यानें 1897 मध्यें ऑग्सबर्ग येथें सिद्ध केलेल्या यंत्रांत हवा इतकी दाबली जाई कीं, तिच्या उष्णतेनेंच तेल पेट घेई. परंतु तेलास हवेशीं एकजीव होण्यास सेकंदाचे कांहीं सहस्रांशच मिळतात. तेवढ्यांत जें मिसळत नाहीं त्याची काजळी होते. डीझेलनें तेल फवारण्यास दाबलेल्या हवेचा झोत योजिला. 1927 पासून बॉशचे तेलपंप कारखान्यांतून निघूं लागले आणि हवेच्या झोताची गरज उरली नाहीं.

1900 च्या पॅरिस प्रदर्शनांत असेंच एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चाललें, असें डीझेलनेंच 1912 मध्यें सांगितलें. भुईमूग तर खानदेशचें घरचें पीक! पण हें तेल डिझेल तेलाहून दहापटींपेक्षां अधिक चिकट. त्याचे थेंब मोठे पडतात आणि तोटीवर काजळी धरते.

मिश्रणाचें गणित मांडण्याचा पाया व्हॅन डर वाल्स यानें 1873 मध्यें घातला. दाब व उष्णतामान एका मर्यादेपलीकडे गेल्यास द्रव आणि वायु यांतील सीमाच पुसते. डिझेल तेलांतील डोडेकेन या घटकाची ती मर्यादा हवेच्या दाबाच्या सुमारें 18 पट व 385 अंश सेंटिग्रेड आहे. इंजिनांतील दाब तर तीसपटींहून अधिक! मग थेंब तत्काळ विरावयास हवा. पण तसें होत नाहीं. हवेंतील नत्रवायूशीं मिसळलेल्या तेलाची मर्यादा कितीतरी वर सरकते. म्हणून थेंब प्रथम थेंबच राहतो आणि तापतां तापतां विरतो. आजचे संशोधक हाच क्षण गणितानें पकडूं पाहतात.

विहिरीवरच्या इंजिनाचा काळा धूर हा त्याच गणिताचा ताळा होय. त्यांत शेतकऱ्याचें न मिसळलेलें तेल, म्हणजे त्याचा पैसा, आकाशांत जात असतो.