विक्रम गोखले : कर्त्या पुरुषाची प्रतिमा आणि एका अभिनेत्याची कारकीर्द

दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तेव्हा त्यातील तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. चित्रपटात काम करण्यास स्त्री मिळाली नाही, हे त्यामागचे सर्वश्रुत कारण. त्यानंतर लगोलग तयार झालेल्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची आणि त्यांची अल्पवयीन कन्या कमला हिने मोहिनीची भूमिका केली. भारतीय चित्रपटातील पहिल्या अभिनेत्री म्हणून या मायलेकींची नोंद इतिहासात झाली आहे. विक्रम गोखले (१४ नोव्हेंबर १९४५ – २६ नोव्हेंबर २०२२) हे दुर्गाबाईंचे पणतू आणि कमलाबाईंचे नातू होत. ही माहिती त्यांच्यावरील बहुतेक लेखनात येते. परंतु ती कौतुकाची बाब म्हणून येते आणि तेथेच थांबते. वस्तुतः तिच्यात एक लक्षणीय विसंगती दडलेली आहे. ज्या घराण्यातील स्त्रियांना अभिनयासाठी प्रतिष्ठित समाजाची चौकट ओलांडावी लागली, त्याच घराण्यातील हा अभिनेता पुढे जवळजवळ पन्नास वर्षे त्या चौकटीचा रक्षक असलेल्या कर्त्या पुरुषाच्या भूमिकांसाठी ओळखला गेला. वडील, न्यायाधीश, पोलीस आयुक्त, आचार्य, घराण्याचा प्रमुख अशा भूमिका त्यांच्याकडे सातत्याने आल्या. या भूमिकांचे त्यांनी काय केले, हा त्यांच्या कारकिर्दीचा खरा प्रश्न आहे.

घराण्याची पार्श्वभूमी

दुर्गाबाई पतीपासून विभक्त झाल्या होत्या आणि मुलीला घेऊन नाटक कंपनीच्या आश्रयाने उदरनिर्वाह करीत होत्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पांढरपेशा समाजातील स्त्रीने असे करणे म्हणजे स्वजनांना कायमचे दुरावणे होते. कमलाबाई बालपणापासून रंगमंचावर वावरल्या. मराठी रंगभूमीवर पुरुष स्त्रीभूमिका करीत होते, त्या काळात त्यांनी पुरुषभूमिकाही केल्या. रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर मुलांच्या पालनपोषणासाठी त्यांनी रंगभूमीचाच आधार घेतला. त्यांचे दोन पुत्र, लालजी आणि सूर्यकांत, तबलावादनाकडे वळले. तिसरे चंद्रकांत गोखले (१९२१–२००८) मराठी नाटक व चित्रपटांतील मान्यवर अभिनेते झाले. चंद्रकांतरावांनी आपल्या बेताच्या मिळकतीतून सैनिकांच्या साहाय्यासाठी सातत्याने दिलेल्या देणग्यांचा उल्लेख त्यांच्या अभिनयाइतकाच आदराने केला जातो. म्हणजे ज्या व्यवसायामुळे पणजीच्या वाट्याला उपेक्षा आली, त्याच व्यवसायात नातवाच्या पिढीपर्यंत सामाजिक आदर प्राप्त झाला होता. विक्रम गोखले यांना वारसा मिळाला तो या दोहोंचा.

'बॅरिस्टर'

गोखले यांचे नाव झाले ते जयवंत दळवी यांच्या 'बॅरिस्टर' या नाटकामुळे. १९७७ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आले. दळवींच्याच 'अंधाराच्या पारंब्या' या कादंबरीवर ते आधारलेले होते. विलायतेहून शिकून आलेला, राहणीने साहेबी आणि विचाराने सुधारक असा हा बॅरिस्टर. त्याच्या घरात केशवपन केलेली मावशी आहे आणि त्याच घराच्या आश्रयाने राहणाऱ्या कुटुंबातील तरुण राधेवर तीच पाळी येऊ घातली आहे. बॅरिस्टर तिच्या बाजूने बोलतो, तिला धीर देतो. परंतु प्रत्यक्ष निर्णयाची वेळ येते तेव्हा त्याचे बळ सरते. घराण्यातील वेडाची छाया त्याच्यावरही पडते.

या भूमिकेत गोखले यांनी रुबाब आणि दुबळेपणा ही दोन टोके एकाच देहबोलीत बसविली. भारदस्त आवाज, ताठ मान आणि वाक्याच्या मध्येच घेतलेला दीर्घ विराम ही त्यांची पुढे ओळख ठरलेली वैशिष्ट्ये येथे प्रथम अर्थपूर्ण झाली. बॅरिस्टरचा विराम प्रारंभी विचारवंताचा वाटतो. नाटक पुढे सरकते तसतसे ध्यानात येते की हा माणूस उत्तर टाळतो आहे. स्त्रीच्या मुक्तीविषयी बोलणाऱ्या आणि तिच्या प्रसंगी मागे सरणाऱ्या सुशिक्षित पुरुषाचे इतके नेमके चित्र मराठी रंगभूमीवर क्वचितच दिसले असेल. ते रंगविणारा नट दुर्गाबाईंचा पणतू असावा, हा केवळ योगायोग असेलही. तरी तो नजरेआड करण्याजोगा नाही.

याच कथेवर विजया मेहता यांनी १९८५ साली 'रावसाहेब' हा हिंदी चित्रपट केला. त्यात मावशीची भूमिका त्यांनी स्वतः केली व तीसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नायकाच्या भूमिकेत मात्र अनुपम खेर होते. रंगभूमीवर जी भूमिका आपल्या नावाशी एकरूप झाली ती पडद्यावर दुसऱ्याकडे जाणे, ही गोष्ट मराठी नटांच्या बाबतीत नवी नव्हती. 'नटसम्राट'चा चित्रपट झाला तेव्हाही तेच घडले. रंगभूमीवरील कर्तृत्व हे चित्रपटसृष्टीत फक्त ओळखपत्र ठरे. त्यावर नायकपद मिळत नसे.

हिंदी चित्रपटातील स्थान

१९७१च्या 'परवाना'पासून गोखले हिंदी चित्रपटांत दिसू लागले होते. 'अग्निपथ' (१९९०) मधील आयुक्त गायतोंडे ही त्यांची बहुसंख्य प्रेक्षकांना आठवणारी भूमिका. 'खुदा गवाह' (१९९२), 'हम दिल दे चुके सनम' (१९९९), 'हे राम' (२०००), 'भूलभुलैया' (२००७) आणि 'मिशन मंगल' (२०१९) हे त्यांचे अन्य परिचित चित्रपट. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीला नायकाच्या समोर उभा राहून त्याला कायदा, परंपरा किंवा कर्तव्य यांची आठवण करून देणारा एक माणूस लागतो. त्या माणसाचा पडद्यावरील वेळ थोडा असतो. पण तेवढ्यात त्याच्या अधिकाराविषयी प्रेक्षकाला शंका येता कामा नये. डॉ. श्रीराम लागूंप्रमाणेच गोखले यांच्याकडूनही हे काम करून घेण्यात आले. या भूमिकांतील काही निव्वळ ठरावीक आहेत आणि गोखले यांनीही त्या ठरावीक पद्धतीनेच केल्या, हे मान्य करावयास हवे.

तीन पिते

१९८९ ते १९९९ या दशकात त्यांनी केलेल्या पित्याच्या तीन भूमिका एकत्र पाहिल्या म्हणजे या प्रतिमेचा पल्ला कळतो. पहिली दूरदर्शनवरील 'उडान' या मालिकेतील. कविता चौधरी यांनी आपल्या भगिनी, भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या जीवनावरून ही मालिका लिहिली व दिग्दर्शित केली. नायिका कल्याणीची भूमिकाही त्यांनीच केली. मुलगा-मुलगी हा भेद घरातच नाकारणारा आणि मुलीच्या जिद्दीमागे उभा राहणारा पिता गोखले यांनी साकारला. खाजगी वाहिन्या अद्याप यावयाच्या होत्या. त्यामुळे हा पिता देशातील दूरचित्रवाणी असलेल्या बहुतेक घरांत पोहोचला. मालिका दर आठवड्याला एकदा येई, भाग मर्यादित असत आणि लेखनाला उसंत होती. गोखले यांचा संथ, तोलून बोलण्याचा ढंग या माध्यमाच्या निकट दृश्याला मानवला. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविण्यासाठी जो विराम लांबवावा लागे तो येथे डोळ्यांच्या हालचालीत मावला.

दुसरी भूमिका 'माहेरची साडी' (१९९१) या चित्रपटातील. स्वतःच्या मुलीला अपशकुनी मानून दूर लोटणारा हा बाप. विजय कोंडके यांच्या या चित्रपटाने महाराष्ट्रात उदंड लोकप्रियता मिळविली. विशेषतः ग्रामीण भागातील स्त्रियांनी त्याला केलेली गर्दी ही मराठी चित्रपटाच्या इतिहासातील एक स्वतंत्र घटना आहे. समीक्षकांनी त्याची 'रडका' म्हणून संभावना केली. परंतु ज्या स्त्रिया तो पुनःपुन्हा पाहत होत्या त्यांना त्या बापाची कठोरता अपरिचित नव्हती, याचा विचार फारसा झाला नाही. 'उडान'चा पिता आणि हा पिता यांच्यात दोन-तीन वर्षांचेच अंतर आहे; चेहरा एकच, आवाज एकच.

तिसरी भूमिका 'हम दिल दे चुके सनम'मधील पंडित दरबार. गायनाच्या क्षेत्रातील हा थोर पुरुष मुलीवर माया करतो आणि तरीही तिचे लग्न आपल्या इच्छेनेच लावतो. संजय लीला भन्साळी यांच्या भव्य मांडणीत ही भूमिका शोभेची होण्याचा धोका होता. गोखले यांनी तिला गायकाची बैठक दिली आणि मुलीचे गुपित उघड झाल्यावरचा संताप जवळजवळ न हलता व्यक्त केला. आधार देणारा, नाकारणारा आणि प्रेमानेच कोंडणारा असे हे तीन पिते आहेत. 'कळत नकळत' (१९८९) या कांचन नायक यांच्या चित्रपटातील संसाराबाहेर गुंतलेला पती यांत मिळविला, तर मध्यमवर्गीय कर्त्या पुरुषाच्या बहुतेक छटा या एकाच दशकात त्यांच्याकडून साकार झाल्या.

पुढे दैनंदिन मालिकांचे युग आले. रोज एक भाग देण्याच्या घाईत अभिनय कमी आणि प्रतिक्रिया जास्त दाखविल्या जाऊ लागल्या. 'विरुद्ध' (२००७) आणि स्टार प्रवाह वाहिनीवरील 'अग्निहोत्र' यांत गोखले प्रमुख भूमिकांत होते. 'अग्निहोत्र'मधील मोरेश्वर हा घराण्याची स्मृती सांभाळणारा ज्येष्ठ पुरुष मराठी प्रेक्षकांच्या विशेष आवडीचा ठरला. त्याच काळात त्यांच्या विरामाची नक्कलही विनोदी कार्यक्रमांतून होऊ लागली. काही ठिकाणी तो विराम खरोखरच सवयीचा झाला होता.

'अनुमती' आणि आवाज

राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. गजेंद्र अहिरे यांच्या 'अनुमती' या चित्रपटातील भूमिकेसाठी २०१२ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्यांना इरफान खान यांच्यासमवेत विभागून देण्यात आला. निवृत्त शिक्षक रत्नाकर पाठारे यांची पत्नी बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आहे. उपचारांचा खर्च आवाक्याबाहेर चालला आहे. यंत्रांचा आधार काढण्यास अनुमती द्यावी, असे व्यवहार सांगतो. पाठारे ती देत नाहीत आणि पैशांसाठी दारोदार फिरतात. कर्त्या पुरुषाची सही म्हणजे घरातला अखेरचा शब्द, या समजुतीवर उभ्या असलेल्या असंख्य भूमिका केल्यानंतर गोखले यांच्या हाती असा कर्ता पुरुष आला, ज्याच्याजवळ सही नाकारण्याखेरीज कोणताही अधिकार उरलेला नाही. येथे आवाज उतरलेला आहे, मान झुकलेली आहे, विराम म्हणजे नुसती दमछाक आहे. 'बॅरिस्टर'मध्ये जे बीज होते ते पस्तीस वर्षांनी येथे उगवले, असे म्हणता येईल.

यापूर्वी २०१० साली त्यांनी 'आघात' या चित्रपटाद्वारे दिग्दर्शनाचा प्रयत्न केला होता. वैद्यकीय व्यवसायातील नीतिमत्ता हा त्याचा विषय होता.

१ जानेवारी २०१६ रोजी महेश मांजरेकर दिग्दर्शित 'नटसम्राट' प्रदर्शित झाला. त्यात गणपतराव बेलवलकरांचा नटमित्र रामभाऊ गोखले यांनी उभा केला. रुग्णशय्येवरील रामभाऊ आणि नाना पाटेकरांचे गणपतराव जुन्या नाटकातील कर्ण आणि कृष्ण होऊन बोलतात, तो प्रसंग नायकाच्या स्वगतांइतकाच स्मरणात राहिला. त्याच वर्षाच्या प्रारंभी घशाच्या विकारामुळे गोखले यांनी रंगभूमीवरून निवृत्ती जाहीर केली. रीमा लागू यांच्यासमवेतचे 'के दिल अभी भरा नही' हे त्यांचे नाटक तेव्हा सुरू होते. चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला जो आवाज पुरत होता तो रोजच्या प्रयोगाला पुरेना.

पडद्यावरील वडीलकीचा अधिकार पडद्याबाहेरही त्यांच्याकडे चालत आला आणि तो त्यांनी वापरला. नोव्हेंबर २०२१ मध्ये देशाच्या स्वातंत्र्याविषयी अभिनेत्री कंगना रनौत यांनी केलेल्या विधानाला त्यांनी पाठिंबा दिला, तेव्हा त्यांच्यावर तीव्र टीका झाली. दुसरीकडे, पुण्याजवळील स्वतःची जमीन त्यांनी वृद्ध कलावंतांच्या निवाऱ्यासाठी देऊ केली. वडिलांच्या देणग्यांचीच ही पुढची पायरी होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पुण्यात अत्यवस्थ असताना त्यांच्या निधनाचे वृत्त अकालीच प्रसृत झाले आणि कुटुंबीयांना त्याचा इन्कार करावा लागला. २६ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले. निखिल महाजन दिग्दर्शित 'गोदावरी', ज्यात ते नाशिकच्या जुन्या घरातील थकलेल्या आजोबांच्या भूमिकेत आहेत, त्याच्या पंधरा दिवस आधी, ११ नोव्हेंबरला प्रदर्शित झाला होता.